दोन शाया आणि पांढऱ्या उजेडाचा प्रश्न

आमच्या मराठी विभागाच्या कपाटात एका दिवंगत प्राध्यापकांची टिपणवही आहे. वर्गात शिकवण्यासाठी त्यांनी काढलेली टिपणे, त्यांवर केलेली काटछाट, समासात मागाहून घातलेली पुस्ती, असे तिचे स्वरूप. कागद पिवळा पडून कडांना चुरू लागला आहे, तेव्हा वही हाताळण्याऐवजी पानापानाची छायाचित्रे काढून ठेवावीत असे आम्ही ठरवले. वाचनालयामागच्या खोलीत टेबल लावले, दोन बाजूंना दोन दिवे उभे केले, आणि दोन दिवसांत काम उरकले. छायाचित्रे पडद्यावर पाहू लागलो तेव्हा आमच्यात मतभेद झाला. एकाच्या मते मूळ मजकूर आणि समासातील दुरुस्त्या एकाच काळ्या शाईत होत्या. दुसऱ्याच्या मते दुरुस्त्यांची शाई स्पष्टपणे निळसर होती, म्हणजे त्या निराळ्या वेळी, कदाचित निराळ्या हातानेही, झालेल्या असाव्यात. पहिला डावीकडची पाने पाहून बोलत होता, दुसरा उजवीकडची. हा वाद आठवडाभर चालला. मग कोणीतरी दिव्यांची रिकामी खोकी उलटी करून पाहिली. एका खोक्यावर ३००० केल्विन असे छापलेले होते, दुसऱ्यावर ६५००. दोन्ही दिवे 'पांढरे' म्हणूनच विकत आणलेले.

पाठचिकित्सेचे धडे वर्गात देणाऱ्यांनी अशी चूक करावी, हे लाजिरवाणे खरे. प्रतींची वंशावळ लावताना लेखनिकाचा हात, त्याची बोली, त्याच्या सवयी यांचा हिशेब आपण धरतो, पण ज्या उजेडात प्रत वाचली त्याचा हिशेब कोणी मागत नाही. उजेड जणू नि:पक्षपाती असतो. साडी घेणाऱ्या बायका मात्र हे पूर्वापार ओळखून आहेत. दुकानातल्या दिव्याखाली पसंत पडलेला रंग त्या पायरीवर नेऊन उन्हात पाहतात, आणि दुकानदारालाही त्यात काही वावगे वाटत नाही. त्या पायरीवरच्या शहाणपणाला आकडा कसा चिकटला, आणि त्या आकड्यावर आपण नको तितका विश्वास का ठेवू लागलो, याची कथा आम्ही त्यानंतर शोधू लागलो. ती आम्हांला आमच्या विषयाच्या बरीच जवळची वाटली.

कथेची सुरुवात कुंभाराच्या भट्टीत होते. जोसाया वेजवुड हा अठराव्या शतकातला इंग्लंडचा विख्यात मृत्पात्रकार. भट्टीच्या आतला ताप किती, हे मोजण्याचे साधन त्याच्या काळी नव्हते. तापल्यावर चिकणमाती किती आकसते यावरून ताप मोजणारे एक उपकरण त्याने १७८२ साली मांडले. त्याचा मुलगा थॉमस याने १७९२ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निरीक्षण नोंदवले : पदार्थ कोणताही असो, तो तापून लाल दिसू लागतो तो साधारण एकाच तापमानाला. म्हणजे उजेडाचा रंग पदार्थावर अवलंबून नसून तापावर अवलंबून आहे. आज दिव्याच्या खोक्यावर छापला जाणारा आकडा या निरीक्षणाचा दूरचा वंशज आहे.

हाच थॉमस वेजवुड छायाचित्रणाच्या इतिहासातही पहिल्या पानावर भेटतो. काचेवरील चित्रांच्या छाया सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर आणि चामड्यावर उमटवण्याचे त्याने प्रयोग केले, आणि हम्फ्री डेव्हीने त्यांचा वृत्तान्त १८०२ साली प्रसिद्ध केला. प्रतिमा उमटत, पण टिकत नसत. दिवसाच्या उजेडात आणल्या की सगळा कागद काळा पडे. म्हणून त्या अंधारात ठेवाव्या लागत आणि पाहायच्या तर मेणबत्तीच्या उजेडात. मेणबत्तीने त्या का बिघडत नसत? चांदीचे क्षार प्रामुख्याने निळ्या-जांभळ्या किरणांना दाद देतात, आणि मेणबत्तीच्या ज्योतीत ते किरण फारच थोडे. ज्या माणसाने तापाचा आणि उजेडाच्या रंगाचा संबंध पाहिला, त्याच्याच प्रतिमा एका उजेडात जगत होत्या आणि दुसऱ्यात मरत होत्या. या दोन गोष्टींची सांगड त्याने स्वतः घातल्याचे दिसत नाही. तो चौतीस वर्षांचा होऊन १८०५ साली वारला.

पुढचा टप्पा भौतिकशास्त्राचा आहे आणि तो आपण भरभर ओलांडू. विल्यम थॉमसनने निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी १८४८ साली सुचवली. १८९२ मध्ये त्याला उमरावपद मिळाले तेव्हा त्याने ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव घेतले, आणि मोजपट्टीलाही पुढे तेच चिकटले. (१९६७ पासून 'अंश केल्विन' असे म्हणायचे नाही, नुसते 'केल्विन' म्हणायचे असा आंतरराष्ट्रीय निर्णय आहे. तरी 'अंश' अजून पुष्कळांच्या तोंडून सुटलेला नाही.) किर्खोफने १८६० मध्ये 'कृष्ण वस्तू' ही कल्पना मांडली. स्वतःवर पडलेला सगळा प्रकाश गिळणारी आणि तापवली असता केवळ तापमानानुसार रंग दाखवणारी अशी ही आदर्श वस्तू. तिच्या प्रकाशाचे बारकाईने मोजमाप झाले ते बर्लिनजवळच्या शार्लोटनबुर्ग येथील राष्ट्रीय मापनसंस्थेत, आणि त्यामागे दिवे बनवणाऱ्या उद्योगाला विश्वसनीय मानक हवे होते हेही एक कारण होते. त्या मोजमापांचा अर्थ लावताना डिसेंबर १९०० मध्ये माक्स प्लांकला पुंज सिद्धान्ताची पहिली पायरी सापडली. विसाव्या शतकातली सर्वांत क्रांतिकारक कल्पना दिव्यांच्या प्रतवारीतून निघाली, हे आम्हा साहित्याच्या माणसांना कुणी शिकवले नव्हते.

येथे शब्दांविषयी थोडे. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी काळपट लाल, मग तांबडे, मग पिवळे, शेवटी पांढरे होते. सर्वांत जास्त तापलेले ते सर्वांत पांढरे. म्हणजे रंगतापमानाचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. मेणबत्ती सुमारे १९०० केल्विनची, घरातला जुना तारेचा बल्ब २७०० ते २८५० चा, माध्यान्हीचे ऊन ५५०० च्या आसपासचे, ढगाळ दिवस ६५०० चा, आणि निरभ्र निळ्या आकाशाचा सावलीतला उजेड १०,००० च्याही पुढे. पण चित्रकारांनी पिवळ्या-तांबड्याला 'उष्ण' आणि निळ्याला 'शीत' म्हटले, कारण त्यांच्या डोळ्यापुढे शेकोटी आणि पाणी होते. दिव्याच्या खोक्यावर या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी छापलेल्या असतात : 'उबदार' या शब्दाखाली लहान आकडा, 'थंड' या शब्दाखाली मोठा. विद्यार्थी यावर हमखास अडखळतात. चूक त्यांची नाही. एकाच वस्तूला दोन व्यवसायांनी परस्परविरुद्ध नावे दिलेली आहेत, एवढेच.

छायाचित्रकारांना मात्र हे आकडे दीर्घकाळ लागलेच नाहीत. एकोणिसाव्या शतकातला स्टुडिओ म्हणजे उत्तरेकडे काचेचे छप्पर किंवा मोठी खिडकी असलेली माडी. युरोपात उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, आकाशाचा सौम्य, निळसर उजेड येतो, आणि त्या काळच्या काचांना नेमका निळाच हवा होता. हेन्री व्हान डर वेडने १८७७ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर विजेच्या दिव्याचा स्टुडिओ उघडला. आर्कचा तो प्रखर पांढरा उजेड काचांना मानवला. अर्थात निळ्यापुरतेच पाहणाऱ्या काचेवर निळे डोळे विरून जात, आकाश कोरे पडे आणि तांबूस गाल काळवंडत. हर्मान फोगेलने १८७३ मध्ये पायसात रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्याचीही दृष्टी देता येते हे दाखवले. लाल तरीही दूरच होता. सर्व रंग पाहणाऱ्या, म्हणजे 'पॅन्क्रोमॅटिक', काचा इंग्लंडमध्ये १९०६ साली बाजारात आल्या, पण चित्रपटांत त्यांची सरशी व्हायला १९२० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

त्या मधल्या काळात अमेरिकी चित्रपटस्टुडिओंत पीटर कूपर ह्युइटचे पाऱ्याच्या वाफेचे दिवे लटकत असत. लांब नळ्यांचा तो हिरवट-निळा उजेड. त्यात लाल जवळजवळ नाहीच. त्याखाली उभा असलेला माणूस प्रेतासारखा दिसे, पण फिल्मला लाल दिसतच नव्हता, त्यामुळे तिची काही तक्रार नव्हती. मनुष्याच्या डोळ्याला असह्य वाटणारा उजेड फिल्मला योग्य, हा तो काळ होता. ओठांना लाल रंग लावला तर पडद्यावर काळा दिसे, म्हणून नटनट्यांची रंगभूषाही त्या आंधळेपणाला अनुसरून केली जाई.

१९२७ मध्ये चित्रपट बोलू लागला आणि प्रश्न उजेडाचा न राहता आवाजाचा झाला. कार्बन आर्क गुणगुणतात, आणि ध्वनिग्राहक ती गुणगुण टिपतो. टंगस्टनचे बल्ब गप्प असतात. पण त्यांचा उजेड पिवळा-तांबडा, आणि जुन्या फिल्मला तो दिसणार नाही. तेव्हा बल्ब घ्यायचे तर लाल पाहणारी फिल्मही घ्यायला हवी. म्हणून १९२८ च्या आरंभी हॉलिवूडमध्ये चित्रपट-अकादमी, छायालेखकांची संघटना आणि निर्माते यांनी मिळून वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत काही महिने चाचण्या घेतल्या. त्या 'माझ्दा चाचण्या' म्हणून ओळखल्या जातात, कारण जनरल इलेक्ट्रिक कंपनी टंगस्टन बल्ब 'माझ्दा' या नावाने विकत असे. हे नाव पारशांच्या अहुर मज्दावरून घेतलेले, म्हणजे प्रकाशाच्या देवतेचे नाव अमेरिकी बल्बला. मुंबईच्या वाचकाला यात थोडी गंमत वाटेल. त्या चाचण्यांत मॅक्स फॅक्टरने नव्या फिल्मला आणि नव्या दिव्यांना साजेशी रंगभूषा जुळवली. दिवा, फिल्म आणि चेहऱ्यावरचा लेप या तिन्ही गोष्टी एकत्र बदलाव्या लागल्या. यांपैकी एकीचाच विचार करून 'योग्य दिवा' निवडता येत नाही, हे तेव्हा दिसून आले.

आमच्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' दिवसाच्या उजेडात चित्रित केला होता. प्रभातने १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी जर्मनीपर्यंत मजल मारली, पण रंग मनाजोगते उतरले नाहीत. रंग ही किती चंचल गोष्ट आहे हे महाराष्ट्राला तेव्हाच कळले होते.

कृष्णधवल फिल्मला उजेडाचा रंग चुकला तर करडी छटा बदलते. रंगीत फिल्मला चुकला तर माणूसच बदलतो. म्हणून १९३५ मध्ये कोडॅक्रोम आली तेव्हा आकड्यांचे राज्य सुरू झाले. (ती शोधणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडाउस्की हे दोघेही व्यवसायाने संगीतकार होते.) डोळा फसवा असतो. मेणबत्तीत पाहिलेला कागद आणि उन्हात पाहिलेला कागद दोन्ही त्याला पांढरेच वाटतात, कारण मेंदू आपोआप वजावाट करतो. फिल्म वजावाट करत नाही. तेव्हा 'पांढरे' कशाला म्हणायचे ते कारखान्यातच ठरवून फिल्ममध्ये घालावे लागले. एक फिल्म दिवसाच्या उजेडासाठी, ५५०० केल्विन गृहीत धरून. दुसरी स्टुडिओच्या टंगस्टन दिव्यांसाठी, ३२०० ची. तिसरी 'फोटोफ्लड' बल्बांसाठी, ३४०० ची. हे फोटोफ्लड म्हणजे झेपेल त्याहून अधिक दाबाने पेटवलेले बल्ब. उजेड भरपूर, आयुष्य अवघे काही तासांचे. शिवाय विजेचा दाब उतरला की बल्बचा उजेड तांबूस होणार, आणि बल्ब जुना होऊन काचेवर टंगस्टनची काजळी धरली की तो आणखी बदलणार. आपल्याकडच्या विजेची ख्याती लक्षात घेता, जुन्या स्टुडिओंतल्या लग्नाच्या रंगीत छायाचित्रांवर चढलेल्या तांबूस झाकेचा दोष दरवेळी छायाचित्रकाराच्या माथी मारणे बरोबर नाही.

फिल्म आणि दिवा जुळत नसतील तर भिंगासमोर रंगीत काच लावायची. टंगस्टनच्या उजेडात दिवसाची फिल्म वापरायची तर निळी काच, उलट असेल तर नारिंगी. येथे एक गणिती अडचण आली. ३००० आणि ३१०० मधला फरक डोळ्यांना जाणवतो, ६००० आणि ६१०० मधला जाणवत नाही. म्हणून दहा लाखाला केल्विनने भागून येणारी 'मायर्ड' ही संख्या रूढ झाली. ३२०० चे ३१२ मायर्ड होतात, ५५०० चे १८२. दोहोंतले अंतर १३० च्या आसपास, आणि निळ्या वा नारिंगी काचेचे सामर्थ्यही याच मापात. आमच्या त्या दोन दिव्यांचे अंतर आम्ही नंतर काढले, ते १७९ मायर्ड निघाले. म्हणजे फिल्मच्या जमान्यात दिवसाच्या आणि स्टुडिओच्या फिल्मांची अदलाबदल केली असती, तरी आम्ही केली तेवढी मोठी चूक झाली नसती.

आता मुख्य प्रश्नाकडे. 'दिवसाचा उजेड' म्हणजे कुठल्या दिवसाचा? आज रंगांच्या मोजमापात जगभर वापरले जाणारे दिवसाच्या उजेडाचे मानक १९६४ साली जड, मॅकअॅडम आणि विश्चेत्स्की यांच्या निबंधातून आले. त्याच्या मुळाशी प्रत्यक्ष घेतलेल्या ६२२ नोंदी होत्या : २४९ अमेरिकेतील रॉचेस्टरच्या, २७४ इंग्लंडमधील एनफील्डच्या, ९९ कॅनडातील ओटावाच्या. तिन्ही ठिकाणे उत्तरेची. कर्कवृत्ताच्या जवळपासचा किंवा त्याच्या दक्षिणेकडचा एकही दिवस त्या ६२२ मध्ये नाही. कोकणातला जूनचा उजेड नाही, वैशाखातली विदर्भातली दुपार नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्री आणि दास यांनी दिल्लीच्या आकाशाची मोजमापे घेऊन १९६६ आणि १९६८ मध्ये उष्ण कटिबंधातील उजेडावर निबंध प्रसिद्ध केले, पण तोवर मानक ठरून गेले होते. मानक निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. भौतिक गुणधर्म देशोदेशी फारसे उलटेपालटे होत नाहीत. पण 'प्रमाण' ठरवताना कोणाची बोली ऐकली गेली हा प्रश्न प्रमाण मराठीच्या बाबतीत आपण विचारतो, तो उजेडाच्या बाबतीतही विचारता येतो, हे आम्हांला तोवर सुचले नव्हते.

याचीच दुसरी बाजू कातडीची. रंगीत छायाचित्रे छापताना प्रयोगशाळांना नमुना लागे, म्हणून कोडॅक एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले कार्ड पुरवत असे. अशा कार्डांना 'शर्ली' हे नाव पडले. तिची कातडी नीट आली की छपाई नीट. लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये या कार्डांवर विस्ताराने लिहिले आहे. दिवा ३२०० चा, फिल्म ३२०० ची, सगळे आकडे जुळलेले, तरीही सावळ्या चेहऱ्याचे तपशील बुडालेले, असे होई. कारण 'योग्य' या शब्दाचा निवाडा दुसऱ्याच चेहऱ्यावर झालेला होता.

कोडॅक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. डिजिटल कॅमेरा 'पांढरे' स्वतः शोधतो, त्यामुळे रंगतापमानाचा प्रश्न मिटला असे वाटण्याजोगी स्थिती आहे. प्रत्यक्षात एलईडी दिव्यांनी तो अधिक बिकट केला. तारेचा बल्ब खरोखर तापलेला असतो, त्याचा वर्णपट सलग असतो, म्हणून एका आकड्यात तो जवळजवळ पूर्ण सांगता येतो. पांढरा एलईडी म्हणजे बहुधा निळा दिवा आणि त्यावर पिवळ्या स्फुरद्रव्याचा थर. तो कोणत्याही कृष्ण वस्तूसारखा नाही. त्याच्या खोक्यावरचा आकडा म्हणजे 'डोळ्याला अमुक तापमानाच्या वस्तूशी सर्वांत मिळताजुळता वाटतो' एवढाच सहसंबंध. त्यात लाल किती, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी १९६५ पासून रंगदर्शनाचा एक निर्देशांक आहे, पण त्याची नेहमी छापली जाणारी सरासरी पहिल्या आठ फिक्या नमुन्यांवरून काढतात. गडद लाल हा नववा नमुना. तो सरासरीच्या बाहेर. परिणामी बऱ्यापैकी गुण मिळवलेला दिवाही ओठ, कुंकू आणि कातडी यांच्या परीक्षेत नापास होऊ शकतो. म्हणून स्टुडिओसाठी दिवे घेणाऱ्याने केल्विनइतकाच तो नववा आकडा विचारावा, सगळे दिवे एकाच जातीचे घ्यावेत, आणि खिडकीचा उजेड मिसळू देऊ नये. दोन रंगांचे उजेड एकदा चित्रात मिसळले की कॅमेऱ्यातले कोणतेही एक बटण दोघांना एकदम पांढरे करू शकत नाही. एक सुधारला की दुसरा बिघडतो.

आम्ही दुसऱ्या खेपेस तेच केले. एकाच जातीचे दोन दिवे, खिडकीला काळा पडदा, आणि प्रत्येक पानाच्या कडेला एक करडे कार्ड, म्हणजे पुढे पाहणाऱ्याला रंगाचा हिशेब लावता यावा. सूचीत पानाच्या क्रमांकाबरोबर दिव्याचा प्रकारही नोंदवला. त्याआधी मात्र वही घेऊन सकाळी अकराच्या सुमारास उत्तरेच्या व्हरांड्यात गेलो होतो. तेथे मूळ मजकूर काळा दिसला आणि समासातल्या दुरुस्त्या निळ्या-काळ्या. पिवळ्या दिव्यात निळ्याला जागाच नसल्याने दोन्ही एक भासत होत्या. म्हणजे शाया दोन आहेत, एवढे आता आमच्यात निर्विवाद आहे. हात दोन आहेत की एकच, यावरचा वाद मात्र अजून चालू आहे, आणि त्यात दिव्यांचा काही उपयोग नाही.